अंगठ्याएवढी काठी

कोशाच्या कचेरीत धाकटीला सगळे कसाई म्हणत. तिला त्याचा राग येत नसे, कारण कापणं हेच तिचं काम होतं. रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द मुळात कुठून निघाले, वाटेत कुणाकुणाच्या हाती लागले आणि आपल्यापर्यंत येताना किती मोडले-वाकले, हे सांगणारा जाडजूड कोश तिथं तयार होत होता. दर गुरुवारी सकाळी सगळे लांब टेबलाभोवती जमत. ज्यानं नोंद लिहिली त्यानं उभं राहून ती वाचायची आणि समोरच्या खुर्चीत बसणाऱ्यानं ती पाडायची खटपट करायची. पडली नाही तर छापायची. त्या खुर्चीला कसायाची खुर्ची असंच नाव होतं. पूर्वी तिच्यात आळीपाळीनं बसत. रसायनशास्त्र शिकलेली धाकटी आली आणि खुर्ची तिच्याच बुडाला चिकटली.

तिचे प्रश्न ठरलेले होते. हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला कुठं सापडतो? मधले दुवे कुठं आहेत? आणि तुमच्याशिवाय दुसरं कोण असं म्हणतं? सॅलरी या शब्दाच्या पोटात मीठ आहे हे तिला मान्य होतं. पण जुन्या काळी सैनिकांना पगार म्हणून मिठाच्या पुड्या बांधून देत, हे सांगणारा एकही जुना कागद नव्हता. ती ओळ तिनं अशी उडवली की लिहिणारे प्रूफवाले काका, तिच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ, खाली बसताना म्हणाले, "कानामागून आली आणि तिखट झाली. आमच्या जेवणातलं मीठसुद्धा काढून घेतलं हिनं."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते मुख्य संपादक. कचेरीत ते सर होते. घरी धाकटीचे भावोजी, म्हणजे तिच्या ताईचे यजमान. धाकटीला या कामावर त्यांनीच आणलं होतं आणि 'एका साक्षीवर शब्द छापायचा नाही' हा नियमही त्यांनीच घालून दिला होता. त्यांचा स्वतःचा जीव मात्र रक्ताळलेल्या शब्दांवर. आपण ट्रॅव्हल करायला निघतो तेव्हा मुळात तीन खुंटांच्या छळयंत्राला बांधून घ्यायला निघतो, हे ते चहा ढवळता ढवळता सांगत. न्यायाधीशाच्या अंगावरचा रोब म्हणजे मुळात मेलेल्या शत्रूच्या अंगावरून ओरबाडलेली लूट. डेडलाइन ही कैदखान्यातली रेघ. पाऊल पलीकडं पडलं की पहारेकऱ्यानं गोळी घालायची. सरकॅझम म्हणजे मांस फाडणं. सांगताना त्यांचा आवाज मऊ होत जाई, आणि नव्यानं आलेली माणसं बशी हातात धरून तशीच ऐकत राहत. या सगळ्या नोंदी खऱ्या होत्या. धाकटीनं त्या कापायचा प्रयत्न केला होता आणि सुरी बोथट करून घेतली होती.

त्या गुरुवारी सर स्वतः उभे राहिले. शब्दप्रयोग होता रूल ऑफ थंब, म्हणजे ढोबळ अंदाजाचा नियम. त्यांनी वाचलं की एके काळी कायद्यानं नवऱ्याला बायकोला बडवायची मुभा होती, अट एवढीच की काठी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नको. त्यांनी आपला अंगठा वर केला. टेबलाभोवती हशा पिकला.

धाकटीनं हसू ओसरू दिलं. मग तिनं विचारलं की हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे. सरांनी एका जुन्या न्यायाधीशाचा दाखला दिला. तिनं सांगितलं की तो असं म्हणाला अशी आवई उठली, चित्रकारांनी त्याची टर उडवली, पण असा निकाल कुणालाच सापडलेला नाही. शब्दप्रयोग त्याच्याही शंभर वर्षं आधीचा आहे, आणि तिथं काठीही नाही, बायकोही नाही. लोक फूटपट्टीऐवजी अंगठ्यानं मापायचे, एवढंच आहे. काठीची गोष्ट त्याला चिकटली ती अगदी अलीकडं, गेल्या शतकाच्या शेवटी शेवटी.

"गोष्ट छान आहे सर," ती म्हणाली. "म्हणूनच ती खोटी असणार, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

सरांनी नोंदीच्या कार्डाचे दोन तुकडे केले, ते नीट एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "मेव्हणीबाईंपुढं आपण हरलो." काकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला त्या दिवशी जेवण जास्त गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीत केस विंचरत होती तेव्हा दारावर थाप पडली. ताई. डोक्यावरून शाल घेतलेली, पायात घरातल्या सपाता. डावा हात उजव्या हातानं असा धरला होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि आपल्याकडं फक्त सांभाळायला दिलाय. शाल काढली तेव्हा वरचा ओठ फाटलेला दिसला आणि गळ्यावर चार लांबट निळे डाग.

धाकटीनं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. आधी डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर ताई म्हणाली, नको, डॉक्टर नाव लिहितील आणि घरी फोन करतील. मग ती बोलायला लागली. सकाळी नवरा फिरायला गेला आणि ती सटकली. तो आता मारून टाकील असं तिला वाटतं, काल त्याचा हात गळ्यावरून निघतच नव्हता, डोळ्यांपुढं काळं झालं, मग कधी सोडलं ते तिला ठाऊक नाही. आणि हे आजचं नाही. तू त्याच्या नोंदी कापायला लागलीस तेव्हापासून गुरुवार ठरून गेलेला आहे. तो घरी येतो, बूट काढतो, हात धुतो आणि विचारतो, तुझ्या बहिणीनं आज काय केलं माहितीय?

 धाकटीच्या डोक्यात तिची रोजची सुरी आपोआप बाहेर निघाली. मी कचेरीत शब्द कापते आणि तिकडं घरी ताईला मार बसतो: किती नेमकी गोष्ट. किती छान बसते. तिनं विचारलं, "पहिल्यांदा कधी झालं?"

ताई म्हणाली, गेल्या वर्षी. मग म्हणाली, नाही, लग्नानंतर लगेच एकदा, पण ते वेगळं होतं. मग म्हणाली, आठवत नाही.

"म्हणजे मी कामाला लागायच्या आधीही?"

"हो. नाही. तेव्हा एवढं नव्हतं."

गेल्या खेपेला कोपर दुखत होतं तेव्हा तू स्टुलावरून पडले म्हणाली होतीस, धाकटीनं आठवण करून दिली. ताई म्हणाली की तेव्हा खोटं बोलले. कुणी पाहिलंय का? शेजारच्यांनी आवाज ऐकला असेल का? ताईनं मान हलवली. तो आवाज होऊ देत नाही. तोंडावर उशी असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्याचा आम्ही शाळेत नुसता वाक्यात उपयोग करायला शिकलो, असं म्हणून ताई हसायला गेली आणि ओठातून पुन्हा रक्त आलं.

मग तिनं एकच गोष्ट मागितली. "मला आज इथं राहू दे. आणि मी इथं आहे हे त्याला सांगू नकोस. मला एक दिवस झोपायचंय, मग मी ठरवते."

राहा, असं धाकटी म्हणाली. सांगू नकोस याला तिनं उत्तर दिलं नाही. तिनं हाताला ओढणीची झोळी बांधून दिली, बिस्किटं काढून ठेवली आणि आतून कडी लावून घे, कुणालाही उघडू नकोस, असं बजावून ती कामावर गेली. वाटेत तिचा जीव दोन्हीकडं ओढला जात होता. फाटलेला ओठ खरा होता. पण कोपर कसं दुखावलं याच्या दोन गोष्टी, आणि दोन्ही एकाच तोंडून आलेल्या. ताई लहानपणापासून तिखटमीठ लावून सांगणारी; शेजारच्या मांजरीला ती वाघीण करायची. आणि भावोजी? त्यांनी आजवर कचेरीत कुणाला अरे म्हणून हाक मारली नव्हती. एका साक्षीवर छापायचं नाही. दुसऱ्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय त्याला खुनी ठरवायचं, हे तिच्या बुद्धीला पटेना.

दुसऱ्या कुणी हे केलं नसतं. भाजी विकणाऱ्या बाईनं केलं नसतं, बसच्या कंडक्टरनं केलं नसतं. धाकटीनं केलं. ती सरांच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "भावोजी, ताईला काय झालंय?"

त्यांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर आलं ते ओझं उतरल्यासारखं काहीतरी. तुला सांगायचंच होतं, ते म्हणाले, पण तुमच्या दोघींच्या मध्ये यायला नको वाटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. ताईला अलीकडं झोप लागत नाही. गोळ्या घेते. गोळ्यांच्या गुंगीत परवा पडदा काढायला स्टुलावर चढली आणि पडली; समोरच्या बाईंनीच तिला उचललं, हवं तर त्यांना विचार. ओठ कपाटाच्या दारानं फाटला, दाराची बिजागरी सुटली आहे ती मीच दुरुस्त करायची ठेवली, दोष माझा. गळा ती स्वतःच झोपेत आवळते. डॉक्टर म्हणाले असं होतं. आणि जागी झाली की तिला वाटतं कुणीतरी केलं. कुणीतरी म्हणजे घरात मीच, दुसरं कोण असणार? बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

"सकाळपासून घरात नाही," ते म्हणाले. "फोनही घेत नाही. कुठं तरी पडली असेल या भीतीनं माझं कामात लक्ष नाही."

"माझ्याकडं आहे," धाकटी म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. बरं झालं, म्हणाले. तुझ्याकडं आहे म्हणजे मला घोर नाही. आज राहू दे तिला, झोपू दे. धाकटीला इतकं हलकं वाटलं की ती थँक्यू म्हणून बाहेर आली.

टेबलावर सिन्सिअर या शब्दाची नोंद तिची वाट पाहत पडली होती. काकांनी लिहिली होती. सिन्सिअर म्हणजे मुळात 'मेणाशिवाय': लबाड मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणानं बुजवत, म्हणून प्रामाणिक मूर्तिकार आपल्या मालाला मेणाशिवायचा म्हणत. काकांनी गावाचं नाव दिलं होतं, बाजार दिला होता, ऊन पडल्यावर मेण वितळून मूर्तीचं नाक कसं गळायचं तेही दिलं होतं. ही गोष्ट खोटी आहे हे धाकटीला केव्हाचं ठाऊक होतं. हिच्यात भोकच नाही. खऱ्या शब्दाचा माग काढायला जावं तर मध्ये दीडशे वर्षं गायब असतात, एक दुवा उलटा लागतो, एक साक्षीदार दुसऱ्याला खोटं पाडतो. जी गोष्ट सगळीकडून बसते ती कुणीतरी बसवलेली असते. तिनं काट मारायला पेन उचललं आणि पेन तिथंच राहिलं.

स्टूल, पडदा, समोरच्या बाई. बिजागरी. डॉक्टर. प्रत्येक जखमेला एक कारण, प्रत्येक कारणाला एक साक्षीदार, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं. आणि ताईची गोष्ट: गेल्या वर्षी, नाही, लग्नानंतर, आठवत नाही.

ती उठली आणि सरांच्या खोलीकडं गेली. खुर्ची रिकामी होती. काका म्हणाले, आत्ताच गेले, दाढ ठणकतेय म्हणाले, दातांच्या डॉक्टरकडं गेले.

तिनं ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

तळमजल्यावर बाईंडिंगखाना होता. तिथली बाईंडरबाई, जिला सगळे मावशी म्हणत, पुस्तकं दाबायच्या यंत्राचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी फिरवत होती. हात कोपरापर्यंत खळीनं पांढरे. धाकटी जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आली आणि धापा टाकत चार वाक्यांत सगळं बोलली: ताईनं काय सांगितलं, आपण कुणाला विचारलं, तो कुठं गेला.

मावशीनं एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, "वाघाला जाऊन विचारलंस, बकरी कुठं बांधलीय म्हणून?" आणि यंत्रातून दांडा उपसून तिनं काखेत मारला. चपला शोधायलाही थांबली नाही.

धाकटीची खोली तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात सगळं शांत होतं. दाराशी पोचल्यावर आतून आवाज आला: एक बोथट, ओला आवाज, मग थोडं थांबून तसाच दुसरा. मध्ये कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. किल्ली फिरली पण आतून कडी होती. मावशीनं तिला बाजूला सारलं, दांड्याचं टोक फटीत घातलं आणि सगळं अंग टाकलं. दुसऱ्या झटक्याला कडी लाकडासकट उखडून आली.

भावोजींनी ताईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होते. घाई नव्हती. कोट काढून खुर्चीच्या पाठीला नीट अडकवला होता. ताईचा मोडका हात झोळीतून निसटून उलटा लोंबत होता. फरशीवर रक्त होतं, त्यात बिस्किटांचा चुरा. ते म्हणत होते, "मग मेव्हणीबाई म्हणाल्या, गोष्ट छान आहे सर." आणि आपटलं. मग दाराकडं वळून, श्वासही न फुलता, म्हणाले, "आम्ही बोलतोय. जरा बाहेर थांब."

धाकटी पुढं धावली. तिला आयुष्यात कुणी ठोसा मारला नव्हता. तो कसा असतो हे तिला आता कळलं: आधी पांढरा उजेड, मग हाडाचा आवाज कवटीच्या आतून, मग तोंडात गरम खारट काहीतरी, आणि दुखणं सगळ्यांच्या मागून. ती भिंतीशी कोसळली. तेवढ्यात मावशीनं दांडा आडवा फिरवून त्यांच्या गुडघ्यावर हाणला. गुडघा जिकडं वळायला नको तिकडं वळला. ते खाली आले, ताईला घेऊनच आले, कारण केस सोडले नव्हते. मावशीनं मनगटावर हाणलं तेव्हा सोडले.

खरं तर तिथंच संपलं होतं. ते एका कुशीवर पडून गुडघा धरून आईच्या नावानं कण्हत होते. पण धाकटीच्या हाताला टेबलावरची इस्त्री लागली. थंड होती, जड होती. तिनं ती दोन्ही हातांनी वर नेली आणि त्यांच्या खांद्यावर आणली. गळ्याजवळचं हाड काडीसारखं मोडलेलं तिला ऐकू आलं. तिनं पुन्हा आणली. त्यांनी तोंडापुढं हात धरला, तेव्हा हातावर आणली. त्यांचा चेहरा कसा दिसतोय हे तिला नीट दिसत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय हेही समजत होतं. शब्द कापताना वाटायचं तसंच, फक्त कितीतरी जास्त. ती डोक्यावर नेम धरत होती तेव्हा मावशीनं मागून तिला कवेत आवळलं आणि उचलून दूर नेलं.

"पुरे," मावशी कानाशी म्हणाली. "मेला तर आत तू जाशील आणि हिला बघायला कुणी उरायचं नाही."

इस्त्री खाली पडली. धाकटीनं ताईकडं पाहिलं. ताई ओट्याखाली, भिंतीच्या कोपऱ्यात सरकून बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्यात भीती होती, पण तो डोळा भावोजींवर नव्हता. धाकटीवर होता.

पुढचं सगळं इस्पितळाच्या पांढऱ्या भिंतींत झालं. ताईच्या डोक्याला टाके पडले, कोपरात सळई घातली, कवटीला चीर होती पण आत रक्त साचलं नव्हतं. भावोजी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दाराशी पोलीस. धाकटीवरही गुन्हा नोंदवला गेला. तिनं इस्त्री कितीदा उचलली ते न लपवता सांगितलं आणि जबाब लिहिणारी पोलीसबाई तिच्याकडं बघतच राहिली. कोशाचं काम थांबलं. काका रोज येऊन ताईच्या वॉर्डाच्या दाराबाहेर बसायचे. एकदा म्हणाले, सरांच्या घरी जेवायला गेलो की वहिनी नेहमी लांब बाह्यांचं घालायच्या, मला वाटायचं हौस आहे. 

धाकटीनं खोली धुवून काढली. फरशीच्या सांध्यांतलं रक्त ब्रशनं घासलं, दाराला नवी चौकट आणि दोन कड्या बसवून घेतल्या, दुसरी खाट आणली, ताईला उशाशी लागतो म्हणून छोटा दिवा आणला. ताईला घरी सोडणार त्या दिवशी ती टॅक्सी सांगून आली. वॉर्डात मावशी आधीच होती आणि ताईची पिशवी भरत होती.

"मी हिच्याकडं जातेय," ताई म्हणाली.

धाकटीनं खाटेबद्दल सांगितलं. कड्यांबद्दल सांगितलं. त्याला जामीन मिळाला तरी तो आता तिसरा मजला चढू शकणार नाही, हेही सांगितलं. बोलताना आपण पुन्हा मुद्दे मांडतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं पुढचा मुद्दा सोडून दिला.

ताई पलंगाच्या कडेला बसली होती. टक्कल केलेल्या अर्ध्या डोक्यावर मावशीचा रुमाल बांधला होता. ती चिडलेली नव्हती, आणि तेच धाकटीला सोसवेना.

"त्यानं दार वाजवलं तेव्हा मी उघडणार नव्हते," ताई म्हणाली. "तो बाहेरून म्हणाला, तुझ्या बहिणीनं पाठवलंय. मला वाटलं खोटं बोलतोय. मग म्हणाला, विचार तिला, तू इथं आहेस हे तिनंच सांगितलं." ती धाकटीकडं वळली. "ते खरं होतं ना?"

"हो."

"आणि मग तू आलीस. तू आली नसतीस तर मी मेले असते, ते मला कळतं. पण तू त्याला मारत होतीस तेव्हाचं तुझं तोंड मी पाहिलंय. तसलं तोंड मी फार वर्षं पाहिलंय गं. मला आता त्या तोंडाशेजारी झोप नाही लागणार." मग तिनं मावशीकडं मान वळवली. "हिनं मला काहीच विचारलं नाही."

मावशी पिशवीची चेन लावत होती. म्हणाली, विचारीन की कधीतरी, पण माझं बाप्यासारखं घोरणं ऐकून घ्यावं लागेल तुला माझ्याकडं. ताई थोडी हसली. या खेपेला ओठ फुटला नाही.

टॅक्सीत तिघी बसल्या, पिशवी धाकटीच्या मांडीवर. मावशीचं घर एका रंगाच्या दुकानाच्या वर होतं, जिना बाहेरून. पायऱ्या चढताना ताईनं धाकटीचा हात धरला, कारण दुसरा हात गळ्यात होता आणि कठड्याला गज नव्हते. वर पोचल्यावर तिनं तो सोडला. पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायला धाकटी वाकली तेव्हा ताई म्हणाली, येत जा. पण सरळ वर यायचं नाही. खालून हाक मारायची आणि मी हो म्हटलं तर यायचं. नाही म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही.

धाकटीच्या जिभेवर एक प्रश्न आलाच. तिनं तो गिळला. "बरं," म्हणाली.

पुढच्या रविवारी ती संत्र्यांची पिशवी घेऊन रंगाच्या दुकानासमोर उभी राहिली. दुकानदार डबे रचत होता. तिनं मान वर करून हाक मारली. खिडकी उघडी होती, आत भांड्यांचा आवाज होता आणि मावशी कशावरून तरी कुणाला तरी चिडवत होती. थोड्या वेळानं ताई खिडकीत आली. केस नखभर वाढले होते. तिनं खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"आज नको," ती म्हणाली.

धाकटीनं मान हलवली, संत्री जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवली, आणि खिडकीत अजून कुणी उभं आहे का हे वळून न बघता घरी गेली.